रात्रपाळी एकट्या आईचीच का?

बाळंतिणीच्या घरी गेले की तक्रार ठरलेली असते, ‘बाई, ह्यानं दिवसाची रात्र केलीय.’ सोलापुरातल्या विडी कामगार वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका म्हणून फिरताना पुढचा प्रश्नही मला पाठ झालाय, ‘झोपेचं काही देता येतं का?’

नाही, येत नाही. हे मी ठासून सांगते, कारण या मागणीमागे जुनं दुःख आहे. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामावर निघताना तान्ह्याला अफूची बाळागोळी देत. डॉ. बार्न्स यांच्या १९२२च्या पाहणीत कामगार बायकांची ९८ टक्के तान्ही मुलं अफूवर असल्याचं आढळलं. त्या आया निर्दयी नव्हत्या. दिवसभर यंत्रावर उभं राहायचं, तर बाळाकडे बघणार कोण? गुंगीतलं पोर दूध मागत नाही, रडत नाही आणि वाळत जातं.

आता अफू गेली. तिच्या जागी गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त पडतात, नाहीतर मेडिकलमधून सर्दीचं सिरप येतं. सर्दीच्या अशाच एका प्रचलित मिश्रणाबाबत ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३मध्ये सांगितलं. आम्ही बोलतोय महिन्याच्या बाळाबद्दल.

ते बाळ चुकत नसतंच. चोवीस तासांत सोळाएक तास ते झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी दूध हवंच. दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सकाळी दार-खिडकी उघडून उजेड येऊ द्या, भांड्यांचे आवाज होऊ द्या. रात्री दिवा मंद, मोबाइल बंद, बोलणं नाही. पाजा, ढेकर काढा आणि सपाट अंथरुणावर पाठीवर निजवा. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढाच. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना टोपडं, मोजे, दुपटं कशाला? मानेला घाम दिसला की एक कपडा कमी करायचा.

हे सगळं सांगून होतं, आणि मग समोरचं घर दिसतं. कुंभारीच्या गोदुताई वसाहतीत एका खोलीत आई बसलेली. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ती पाय हलवते. तंबाखूचा खकाणा झोळीपर्यंत पोचतो. बाळाला त्या खोलीतून हलवा, हे सांगायला दुसरी खोली असावी लागते. मजुरी हजार विड्यांवर. रात्री चारदा उठलेली बाई सकाळी हजार कशी भरणार? पन्नासहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं, असं कायदा सांगतो. कारखाना घरातच आणून टाकला, की पाळणाघर कुणाकडे मागायचं?

म्हणून विडी कारखानदारांकडे आणि सरकारकडे माझं मागणं आहे की बाळंतिणीला पहिले तीन महिने विड्या न वळता मजुरी मिळावी. ते होईल तेव्हा होईल. घरच्या पुरुषांशी मात्र आजच बोलते. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या बापाला मी काही म्हणत नाही. पण पाळी दिवसाची असेल तेव्हा पाजणं तेवढं आईकडे ठेवा. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं तुमच्याकडे. आणि सासूबाई, सकाळचे दोन तास सुनेला निजू द्या. नातू तुमच्या मांडीवर उजेडात खेळेल.