शिशाला कल्हई

आमच्या मूर्तिजापूरच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पळी आहे. ती वरणाची नव्हे. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तिच्यात शिसे वितळवीत. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, दारूचा डबा आणि चिमट्यासारखा दोन फाकांचा साचा, एवढाच त्यांचा कारखाना. ज्वारी हुरड्यावर आली की रोही आणि रानडुकरे शेतात उतरत. मग जागलीला जाण्याआधी मागच्या अंगणात चूल पेटे. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, थोडे थांबून साचा उघडायचा, की चकचकीत गोळी टपकन राखेत पडे. निवलेल्या गोळ्या गोळा करण्याचे काम आम्हा पोरांचे. हात भरले की चार-दोन गालात धरायच्या. आजी ओरडे, पण तिची भीती गिळण्याची होती, विषाची नव्हे. "गियली तं मंग रडत बसान, पोट्टेहो!"

शिशाच्या गोळ्यांशी माझा संबंध तिथेच संपला, असे मी धरून चाललो होतो. टेक्सासला भाच्याकडे महिनाभर राहून आलो, आणि तो पुन्हा जुळला.

भाचा तिकडे चांगला स्थिरावला आहे. नोकरी, घर, अडीच वर्षांची मुलगी, आणि शनिवारी सकाळी पिस्तुलाने कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा छंद. तिकडे तो गोल्फसारखाच एक छंद मानतात. विकतची काडतुसे महाग पडतात, म्हणून अनेकजण ती घरीच भरतात. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी नळी वाया जात नाही. ती घासूनपुसून घ्यायची, बुडातली जळालेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. भाच्याच्या गॅरेजात त्यासाठी हातदांड्याचे एक यंत्र आहे, उसाच्या चरकाच्या धाकट्या भावासारखे. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी यंत्राची चौकशी करू नये.)

मी गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर हिरव्यागार गोळ्यांचा खोका होता. मला वाटले, लिमलेटच्या गोळ्या.

"मामा, तोंडात टाकू नका हं," तो हसत म्हणाला. "आत शिसंच आहे. वरून लेप दिलाय."

लोखंडी कपाटाला भट्टीत भाजून पक्का रंग देतात, तसाच हा प्रकार. गोळ्यांवर प्लॅस्टिकच्या जातीचा लेप चढवून त्या सुमारे २०० अंशांवर भाजतात. शिसे ३२७ अंशांवर वितळते, त्यामुळे गोळी तशीच राहते आणि लेप घट्ट बसतो. मी म्हटले, "म्हणजे शिशाला कल्हईच की!" त्याला ते फार आवडले.

पण कल्हईचा तो शब्द मलाच पुढे खटकू लागला. पितळेच्या भांड्याला आपण कल्हई करतो ती भांड्यासाठी नव्हे. ताक-आमटी कळकू नये, खाणाऱ्याला बाधू नये, म्हणून करतो. गोळीवरचे लेप मात्र मुळात बंदुकीच्या सोयीसाठी निघाले. उघडे शिसे मऊ. नळीतून जाताना घासते आणि आतल्या आट्यांना चिकटून बसते. आबाजी गोळीभोवती तेलात बुडवलेली चिंधी गुंडाळत. १८५७ मध्ये ज्या एनफील्ड काडतुसांवरून रान पेटले, त्यांनाही चरबी लावली होती ती गोळी नळीतून सुरळीत जावी म्हणूनच. पुढे बंदुकांचा वेग वाढला, चरबी पुरेना, तेव्हा १८८२ च्या सुमारास रुबिन नावाच्या स्विस लष्करी अधिकाऱ्याने शिशावर तांब्याचे कवच चढवले. हा हिरवा लेप त्याच वंशातला, तांब्याहून स्वस्त. हात लावणाऱ्या माणसाचा विचार त्या परंपरेच्या मुळाशी नव्हता.

भाच्याने तो का घेतला, हे मला त्याच्याकडून नव्हे, सूनबाईकडून कळले. मुलीच्या नेहमीच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांनी विचारले, घरात कोणाचा शिशाशी संबंध येतो का? हिने छंदाचे सांगितले. रक्त तपासले. मुलीच्या रक्तात दर डेसिलिटरला ४.८ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी ३.५ च्या वर गेले की लक्ष घालतात. भाच्याचे स्वतःचे १३ होते. पोर गॅरेजाच्या पायपुसण्यावर बसून बाहुली खेळवत असे. "मला दोघांचं काहीच दिसत नव्हतं हो, मामा," सूनबाई म्हणाली. "खोकला नाही, ताप नाही. जेवायची, हसायची."

शिशाचे हेच कपट आहे. ते कॅल्शियमचे सोंग घेऊन शरीरात शिरते, हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते, आणि वाढत्या मेंदूला चोरपावलांनी पोखरते. मूल दोन-चार गुणांनी मागे पडले, थोडे चिडचिडे झाले, तर आपण त्याचा दोष शिकवणीला देतो. मुलांसाठी सुरक्षित म्हणावे असे शिशाचे प्रमाणच आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तर त्या हिरव्या गोळ्यांची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. पहिली पन्नास फसली. पितळी नळीचे तोंड पुरेसे फाकवले नव्हते, त्यामुळे गोळी आत दाबताना लेप खरवडला गेला आणि हिरवे कीस बाहेर आले. परतल्यावर नळी पाहिली तर आत करड्या रेघा. पुढच्या शनिवारी तोंड थोडे अधिक फाकवले, तेव्हा नळी जवळजवळ स्वच्छ निघाली, धूरही कमी. भाचा खूष! पण सूनबाई हुशार. तिने शिसे असेल तर गुलाबी होणारे कापसाचे बोळे आणून ठेवले होते. न उडवलेल्या गोळ्या हाताळल्यावर भाच्याच्या बोटांवर बोळा पांढराच राहिला. नेमबाजीहून परत आल्यावर मात्र बाही गुलाबी, आणि बुटांचे तळवेही गुलाबी.

कारण सरळ आहे. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणात बहुधा शिशाचेच संयुग असते. ती फुटली की त्याची वाफ होते आणि नेम धरणाऱ्याच्या तोंडासमोरच तरंगते. समोरच्या पोलादी फळीवर गोळी आदळून चुरा होतो, तिथे कोणताच लेप टिकत नाही. जुन्या नळ्या कोरड्या घुसळून साफ करताना उडणारी धूळ वेगळीच. लेप खोटा नाही. बोटांपुरता त्याने आपला शब्द पाळला. पण ज्या वाटेने शिसे त्या पोरीपर्यंत पोचले, त्या वाटेवर तो उभाच नव्हता. मला भीती वाटली ती भाच्याच्या समाधानाची. लेपाच्या भरवशावर माणूस हात धुणे विसरतो.

अखेर त्या घरात आजीचे सोवळेओवळे परतले. बूट दाराबाहेर, नेमबाजीचे कपडे वेगळे धुवायचे, आंघोळीशिवाय पोरीला उचलायचे नाही, नळ्या पाण्यात घोळून धुवायच्या, आणि गॅरेजाच्या दाराला वर कडी.

परत येताना वाटले, हे फक्त अमेरिकेतल्या हौशी लोकांचे दुखणे आहे का? युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली घालवले, घरगुती रंगांवर २०१७ पासून मर्यादा आली. पण जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे गाळणारे आहेत, हळदीला पिवळा चढावा म्हणून शिशाचा रंग मिसळणारे आहेत, आणि कथलात शिसे मिसळून कल्हई करणारेही आहेत. म्हणजे जी कल्हई खरोखर माणसासाठी, तिच्यातच चोर! राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांची पदके पाहून आता आपलीही मुले एअर पिस्तुलाकडे वळत आहेत. चांगलेच आहे. पण त्यांच्या डबीतले छर्रे बहुधा उघड्या शिशाचे असतात. सरावाच्या मध्येच त्याच बोटांनी चिवडा खाणारी पोरे मी पाहिली आहेत. शिकवणाऱ्याने नेम शिकवण्याआधी साबण दाखवावा, पालकांनी डबी जेवणाच्या टेबलावर ठेवू देऊ नये, एवढे तरी आजपासून करता येईल.

मूर्तिजापूरला पोचलो तर माझा नातू अंगणात वाळूची खिचडी ढवळत होता, आबाजींच्या पळीने. माळा झाडताना कोणीतरी ती खाली काढली होती. तिच्या बुडाला अजून शिशाचा करडा थर आहे. त्याचे हात दोनदा धुतले, आणि नातसुनेला नको तेवढे व्याख्यान दिले. पळीचे काय करावे हा प्रश्न उरला. भंगारात द्यावी, तर तो शिसे पुन्हा कोणाच्या तरी चुलीवर गाळणार. पळी आणि साचा दोन्ही सध्या प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून, डब्यात घालून, कुलूप लावून ठेवले आहेत. भाचीनातीची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे.