हास्याच्या वहीतील जुने देणे

व्हिक्टर बोर्गे वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही एक पियानो घेऊन संपूर्ण संध्याकाळ एकट्याने रंगवीत. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ची स्वरलिपी उलटी ठेवून ते तशीच उलटी वाजवीत आणि चूक ध्यानी आल्यावर गंभीर चेहऱ्याने कागद सुलटा करीत. घसरू नये म्हणून आसनावर सुरक्षापट्टा बांधीत. गोष्ट वाचताना स्वल्पविराम, पूर्णविराम यांनाही निरनिराळे आवाज देत. श्रोते हसून दमले, की एखादी रचना मनापासून वाजवीत. मग विदूषकाआडचा कसलेला वादक सर्वांना दिसे.

या हास्यामागे मोठा वियोग होता. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या ज्यू संगीतकार कुटुंबात जन्मलेले बोर्गे हिटलरची टर उडवीत. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले, तेव्हा सुदैवाने ते स्वीडनमध्ये होते. त्याच वर्षी ते अमेरिकेत उतरले, तेही जवळजवळ रिकाम्या खिशाने. तेथील भाषा ते चित्रपट पाहून शिकले. १९५३ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झालेल्या त्यांच्या एकपात्री कार्यक्रमाचे ८४९ प्रयोग झाले.

वैभव आले, तरी देणे विस्मरणात गेले नाही. १९४३ मध्ये डेन्मार्कच्या सामान्य नागरिकांनी ७,००० हून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला सुखरूप पोहोचविले होते. त्या उपकाराच्या कृतज्ञतेपोटी बोर्गे यांनी १९६३ मध्ये एका वकील स्नेह्यासह शिष्यवृत्ती निधी उभारला. स्कँडिनेव्हियातील विद्यार्थी त्यावर अमेरिकेत शिकू लागले. २००० मध्ये बोर्गे गेले. निधीचे कार्य मात्र पुढे चालू राहिले.