उत्तरायण संक्रांतीला लागत नाही

जानेवारी उजाडला की आमच्या शिवाजी पेठेत, तालमीच्या कट्ट्यापासून हळदीकुंकवापर्यंत, एक वाक्य हमखास कानावर येतं: संक्रांत आली, उत्तरायण लागलं. मुलं निबंधातही तेच लिहितात. हे चूक आहे, आणि त्याचा पुरावा पेठेलगतच, अंबाबाईच्या देवळात, वर्षातून दोनदा मिळतो.

किरणोत्सवाच्या तारखा कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. देऊळ पश्चिमाभिमुख; मावळतीची किरणं रंकाळ्याच्या बाजूने येऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या पायांपासून वर चढतात. ती दोनदा का येतात? सूर्य मावळण्याची जागा रोज सरकते. या दिवसांत ती पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला असते. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जाताना ती जागा ओलांडतो, टोकाला जाऊन वळतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तिथेच मावळतो. मग वळण्याचा दिवस दोन्ही उत्सवांच्या बरोबर मधोमध यायला हवा. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे अंतर ८३ दिवसांचं. मध्य येतो २१-२२ डिसेंबरला. सूर्य १४ जानेवारीला वळला असता, तर नोव्हेंबरातली किरणं परत यायला २० मार्च उजाडला असता. त्या सुमारास तर सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो!

अयन म्हणजे जाणं. उत्तरायण म्हणजे सूर्याचं उत्तरेकडे जाणं. त्याचा संबंध क्षितिजावरच्या जागेशी आहे, राशीशी तो योगायोगाने जुळला. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठेच्या प्रारंभी सांगितला आहे. पुढे अयनबिंदू सरकत मकरेपाशी आला आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस उत्तरायण व आजची मकर संक्रांत जवळपास एकाच दिवशी येत होती. त्यानंतर सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस या गतीने दोन्ही दूर गेली.

‘मग ऋषिमुनी चुकले का?’ असं विचारणाऱ्यांनी वराहमिहिराची बृहत्संहिता उघडावी. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी स्वच्छ सांगतो की पूर्वीच्या शास्त्रांत धनिष्ठा होती, आता मकर आहे, आणि फरक पडला तर तो प्रत्यक्ष पाहून ओळखावा. पाहायचं कसं, तेही तो सांगतो: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशी वेध घेऊन. किरणोत्सव हा असाच वेध आहे. शास्त्राचा आधार घेऊन १४ जानेवारीला चिकटून बसणारा माणूस शास्त्रकाराचीच आज्ञा मोडतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. संक्रांतीपर्यंत सकाळी लवकर उजाडत नाही, हे खरंच आहे; आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा होत जातो. पण संध्याकाळ त्याहून वेगाने लांबते. म्हणून दिवस डिसेंबरच्या अखेरीपासूनच वाढू लागतो.

आणि एवढ्यावरून संक्रांतच खोटी ठरवणाऱ्यांचंही मला पटत नाही. निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, मकर राशीत सूर्याचा प्रवेश ही स्वतंत्र, गणिताने नेमकी ठरणारी घटना आहे. तिचा सण, तिळगूळ, वाण सगळं त्याच दिवशी राहावं. फक्त ‘उत्तरायणारंभ’ हा शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरांनी डिसेंबरच्या पानावर छापावा. १९५७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरलाच येते.