बॅगेतला हेअर ड्रायर आधी बाहेर काढा

परदेशी निघालेल्या तुम्हा सर्वांना, आणि परदेशातून लग्नकार्यासाठी घरी येणाऱ्या लेकीसुनांच्या आईवडिलांना ही कळकळीची विनंती आहे. बॅग भरून झाली असली तरी पुन्हा उघडा. कपड्यांच्या घड्यांत ठेवलेला हेअर ड्रायर बाहेर काढा. त्याच्या मुठीवर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. चष्मा लावा आणि ते आत्ताच वाचा.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. अमेरिका आणि कॅनडात ती 120 व्होल्टची असते, जपानमध्ये तर 100 ची. न्यू जर्सीत घेतलेला ड्रायर साधारणपणे तिथल्या 120 व्होल्टसाठीच बनवलेला असतो. तो पुण्याला किंवा नाशिकला येतो. त्याच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात जात नाहीत, म्हणून कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅडॅप्टर आणतं. पिन बसते आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. इथेच घात होतो. अ‍ॅडॅप्टर हे नुसतं नरसाळं आहे. ते तोंडाला तोंड जुळवून देतं, आतून काय ओतलं जातंय ते बदलत नाही. व्होल्ट जवळजवळ दुप्पट झाले की उष्णता दुप्पट होऊन थांबत नाही, ती साडेतीन पटींच्याही वर जाते. अमेरिकेत सर्रास मिळणारा 1875 वॅटचा ड्रायर आपल्या सॉकेटात लावला, तर तो पहिल्या क्षणी 6,900 वॅटच्या आसपास वीज ओढू पाहतो. आतली तार लाल होते, प्लास्टिक वितळतं, तोंडातून ठिणग्या आणि धूर येतो. आणि त्या क्षणी तो तुमच्या मुलीच्या कानाजवळ, तिच्या मोकळ्या केसांत असतो.

हे टाळणं तुमच्या हातात आहे, आणि त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. लेबलावर ‘100-240V’ असेल, तर ती वस्तू कुठेही चालेल. मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा हेच लिहिलेलं असतं, म्हणून आपण फसतो. चार्जर चालला, मग ड्रायरही चालेल असं धरून चालतो. तसं धरू नका. ड्रायर, स्ट्रेटनर, इस्त्री, किटली यांवर बहुतेक वेळा एकाच देशाचे व्होल्ट असतात. नुसतं ‘120V’ दिसलं, तर ती वस्तू भारतात सॉकेटला लावूच नका. नुसतं ‘220-240V’ दिसलं, तर अमेरिकेला नेऊ नका, तिथे तो ड्रायर कोमट फुंकर घालत बसेल. काही प्रवासी ड्रायरना 125 आणि 250 असं नाण्यानं फिरवायचं छोटं बटण असतं. ते प्लग लावण्याआधी फिरवा. परत आल्यावर पुन्हा फिरवा. महिनाभर तिकडे 125 वर सुरळीत चाललेला ड्रायर घरी येताच थेट भिंतीला लावला जातो, तेव्हाच तो जळतो.

लंडन, दुबई, सिंगापूरला निघालेल्यांनो, तुमच्या तिकडची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे. तरी निर्धास्त राहू नका. 2000 वॅटचा ड्रायर जवळजवळ 9 अँपिअर वीज खेचतो. खिशात मावणारे कितीतरी अ‍ॅडॅप्टर 6 अँपिअरच्या वर सोसत नाहीत, ते मोबाइलपुरते असतात. आतल्या पातळ पट्ट्या तापतात, प्लास्टिक तपकिरी पडतं, जळका वास येतो. तुम्ही हॉटेलच्या वरच्या मजल्यावर असता आणि शेजारच्या पलंगावर नातवंडं झोपलेली असतात. खिचडीसाठी इलेक्ट्रिक कुकर आणि चहासाठी किटली नेणाऱ्या मावश्या-काकूंनाही सांगायचं आहे. या वस्तूंना तिसरी पिन असते ती अर्थिंगची, म्हणजे तुमच्या जिवाची. एका बाजूनं तीन पिना घेणारा आणि दुसऱ्या बाजूला दोनच पिना असलेला अ‍ॅडॅप्टर ते अर्थिंग तोडून टाकतो. मग किटलीत बिघाड झाला, तर शॉक थेट तुमच्या हाताला.

म्हणून अ‍ॅडॅप्टर विकत घेताना त्यावरचे अँपिअर वाचा. किटली-कुकरसाठी अर्थिंग असलेलाच मागा. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड त्याला जोडून त्यावर चार वस्तू चढवू नका. ड्रायर बंद केलात की अ‍ॅडॅप्टरला हात लावून पाहा, चटका बसत असेल तर तो पुन्हा वापरू नका. बाथरूममधल्या आरशाजवळ फक्त दाढीच्या यंत्रासाठी असलेलं सॉकेट दिसेल, त्याला ड्रायर लावू नका. आणि वायर लांबवून ड्रायर टबाजवळ तर मुळीच नेऊ नका. बटण बंद असलं, तरी प्लग भिंतीत आहे तोवर आत वीज असू शकते. चुकून तो पाण्यात पडला, तर उचलायला हात घालू नका. आधी वीज बंद करा. हे मुलांना आजच सांगून ठेवा.

आता लग्नसराईचं. मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली तुम्ही पाहिली आहे. भिंतीत एक पॉइंट, त्याला एक बोर्ड, त्यावर दोन ड्रायर, एक स्ट्रेटनर आणि कुणाचा तरी मोबाइल. केस ओले, मुहूर्त जवळ आलेला, बाहेरून हाका. अशा घाईत अमेरिकेहून आलेली चुलत बहीण विचारते, “दादा, अ‍ॅडॅप्टर आहे का रे?” तो अ‍ॅडॅप्टर तुमच्याच हातून जाणार आहे. देण्याआधी विचारा, “ड्रायर किती व्होल्टचा?” तिला ठाऊक नसेल, तर लेबल वाचा. तेही पुसलं गेलं असेल, तर देऊ नका. ती थोडी रुसेल. रुसू द्या.

व्होल्ट बदलणारा कन्व्हर्टर मिळतो, हे खरं. पण ड्रायरचा भार नीट पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो, आणि हलक्या, स्वस्त कन्व्हर्टरवर इलेक्ट्रॉनिक बटणांचे नवे ड्रायर बिघडतात. माझ्या मते त्या फंदात पडूच नका. ड्रायर घरी ठेवून जा. बऱ्याच हॉटेलांत तो खोलीतच असतो, नसला तर रिसेप्शनवर मागा. लेकीकडे महिनोन्महिने राहायचं असेल, तर तिथलाच घ्या आणि निघताना तिथेच सोडून या. सहली नेणाऱ्यांनो, निघण्याआधीच्या बैठकीत पासपोर्टबरोबर हेही पाच मिनिटं सांगा.

आणि आज रात्री मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलाल तेव्हा एवढं विचारा, “येताना ड्रायर आणणार आहेस का?” हो म्हणाली, तर तिला सांगा, तो तिथेच ठेव, इथे आपण दुसरा घेऊ.