आदल्या रात्रीचा अभ्यास

दहावीची परीक्षा जवळ आली, की जुन्या नाशकात घरोघरी रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. गाइडमधील उत्तरांची घोकंपट्टी सुरू होते. जूनपासून 'उद्या वाचू' म्हणत मागे टाकलेला मराठीचा अभ्यास एका रात्रीत उरकायचा असतो!

असे करून कोणी पास होतच नाही, असे मी म्हणणार नाही. तुम्हांला ते पटणारही नाही. पण हा अभ्यास महाग पडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. ते स्वतःच निरर्थक अक्षरांच्या ओळी पाठ करीत. काही ओळी त्यांनी आदल्या दिवशी एका बैठकीत ६८ वेळा घोकल्या. तेवढ्याच लांबीच्या इतर ओळी तीन दिवसांत विभागून ३८ वेळाच म्हटल्या. फायदा जवळजवळ सारखाच झाला! म्हणजे ३० वेळा घोकण्याचे कष्ट वाचले. खरे तर आळशी मुलानेच रोज थोडे थोडे वाचायला हवे.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागाच पाहा. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते, तेव्हा कुठे फेब्रुवारी-मार्चमध्ये घड हाती येतात. छाटणीच राहिली, तर फेब्रुवारीत कितीही पाणी घालून काय उपयोग?

आणि मराठी परीक्षेपुरती थोडीच लागते? घरी व शाळेत आपण उर्दू बोलतो, पण एस. टी. स्टँडवर, तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्यात मराठीत बोलावे लागते. तेथे पाठ केलेला निबंध चालत नाही. समोरचा माणूस गाइडमध्ये नसलेलेच प्रश्न विचारतो.