कोरड्या मुलखातला गंज

गंज लागावा तर कोकणातल्या यंत्रांना. केज तालुक्यात, नांदूरघाटसारख्या गावात, जिथं माणसांनाच पाणी पुरत नाही तिथं लोखंड कशानं सडणार? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे, आणि पत्र्यापुरता खराही. पण जुना संगणक पत्र्याच्या गंजानं मरत नाही. त्याचा वैरी मदरबोर्डवर कारखान्यातूनच बसून आलेला असतो.

२८६, ३८६, ४८६ च्या काळातल्या बहुतेक बोर्डांवर घड्याळ चालू राहावं म्हणून निकेल-कॅडमियमची नळकांडीसारखी बॅटरी डाखलेली असे. ती पाझरली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. या क्षाराला पावसाची वाट पाहावी लागत नाही. हवेतली ओल तो स्वतःच ओढून घेतो. दुष्काळी गावातली बंद खोली त्याला पुरते, आणि संगणक बंद असला तरी त्याचं काम चालूच राहतं. ‘वापरलाच नाही, मग बिघडेल कसा’ हे म्हणणंही इथंच निकालात निघतं.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांत आलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांच्यातली नाण्याएवढी लिथियम सेल सहसा पाझरत नाही. तिथं प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघावेत: डोकं फुगलेलं, वर तपकिरी खपली. शिवाय गोदामातला उंदीर. त्याचं मूत बोर्डवर वाळलं की तांबं खातं, हे कुणी मोजतच नाही.

ओळखायचं रंगावरून. बॅटरीजवळ पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे सुकलेला क्षार. निळसर-हिरवं म्हणजे तांब्याला लागण झाली. बोर्डच्या मूळ हिरव्या लेपाखालची तांब्याची रेघ काळवंडली असेल, तर लेपाच्या आत सडणं सुरू आहे. सॉकेटच्या पिनांची चकाकी गेली, तर तिथंही संशय घ्यावा.

आता उपाय सांगणारे. एक पंथ खाण्याचा सोडा लावतो. तो आम्लावर ठीक. पण इथं गळालेलं द्रव्य अल्कधर्मी आणि सोडाही अल्कधर्मी, मग कोण कोणाला मारणार? दुसरा पंथ तेलाचा फवारा मारतो आणि क्षार तेलाखाली झाकून ठेवतो. तिसरा पॉलिश पेपर काढतो. रॅमच्या सोनेरी कडेला खोडरबर हलक्या हातानं फिरवणं समजू शकतं, पण तिथला सोन्याचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. पॉलिश पेपरपुढे तो किती टिकेल?

पहिलं काम बॅटरी कापून काढणं, ती धड दिसत असली तरी. हातमोजे घालून. तिच्यात कॅडमियम आहे, म्हणून उकिरड्यावर नको. ते खतातून शेतात जाईल. मग कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर: फसफसलं की समजावं, क्षार विरघळतोय. फसफसणं थांबल्यावर डिस्टिल्ड वॉटरनं धुणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवणं, पूर्ण वाळू देणं. त्यानंतर मल्टिमीटर लावून तुटलेल्या रेघा शोधायच्या आणि बारीक तारेनं जोडायच्या. अनेक थरांच्या बोर्डात आतली जोडणी सडली असेल, तर मात्र हट्ट सोडावा; चिपा काढून घ्याव्यात.

आणि कॅबिनेटचा तांबडा गंज? तो खुशाल पॉलिश पेपरनं घासा, रंग मारा. बोर्ड चालू झाल्यावर.