सेन्सर नव्हे, वायर

आमच्या घरची मोटार २०१० सालची. तिची पहिली सहा वर्षे राजिवड्यात, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यावर गेली. मग दिरांनी नवी गाडी घेतली आणि ही पालीला आमच्या अंगणात आली. मुलांचे अब्बा दोह्याला असतात, त्यामुळे गाडी चालवणारी मीच. आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यायचे, उरलेले दिवस शाळा आणि बाजार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी थंड असताना पहिल्या चावीला सुरू व्हायची, पण तापलेली गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू करताना घाम फुटायचा. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा कधी पेटायचा, कधी आपोआप विझायचा. लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी अकरावर आली. एके दिवशी परत येताना हातखंब्याच्या चढावर ती बंदच पडली. सासरे चार तास मशीनवर राहून आलेले, मागे ट्रकांचे हॉर्न. ते एवढेच म्हणाले, "बेटी, घाई करू नकोस." माझे हात मात्र थरथरत होते.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, चौदाशे रुपये दिले. आठव्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. मग सांगण्यात आले की गाडीचा कॉम्प्युटरच गेला आहे, अठरा हजार लागतील. त्यात गाडीला पंधरा वर्षे भरलेली, पुनर्नोंदणी तोंडावर. २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे, आणि असा धूर सोडत गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नव्हता. भंगारात द्यावी असे घरात बोलणे सुरू झाले.

शेजारणीने पालीतल्या एका काकांचे नाव सुचवले. ते फक्त गाड्यांचे वायरिंग करतात. त्यांनी स्कॅनरच्या कागदावरचा पी-०११८ हा कोड वाचला आणि मला विचारले, "बाई, तुम्ही भाषा शिकवता ना? मग नीट वाचा. इथे सेन्सर खराब असे लिहिलेय का? सर्किट लिहिलेय." खरेच होते. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, दोन वायरी आणि कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा रस्ता. गॅरेजवाल्याने त्यातला पहिला शब्द वाचला होता.

हा सेन्सर काम कसे करतो ते त्यांनी बॉनेटवर कोपर टेकून समजावले. त्याच्या आत असा पदार्थ असतो की तो जितका तापेल तितका विजेला होणारा अडथळा कमी. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. साधारण वीस अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना जेमतेम तीनशे. कॉम्प्युटर पाच व्होल्ट देऊन तो अडथळा मोजतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. थंड इंजिनाला जास्त, तापलेल्याला कमी. आता वाटेतली वायर गंजली आणि तिनेच दोन हजार ओहमची भर घातली तर? इंजिन ऐंशी अंशांवर, पण कॉम्प्युटरला खबर मिळते की ते गारच आहे. तो बिचारा पेट्रोल ओतत राहतो. धूर, वास, खर्च आणि चढावरची ती फजिती, सगळे त्यातूनच. आणि खड्ड्यात हादरा बसून वायर क्षणभर पूर्ण तुटली की दिवा पेटायचा.

काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सेन्सर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडचे कपलर सोडवले आणि मीटर लावला. चांगल्या वायरीच्या दोन टोकांत एक ओहमसुद्धा यायला नको. एका वायरीवर दोन हजारांच्या पुढे आकडा दिसला, आणि वायर हलवली की तो नाचत होता. कपलरमध्ये पाहिले तर हिरवा थर. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, तोच हा कळंक. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्याआधीची राजिवड्याची खारी हवा, आणि त्यात माझी भर: ईदच्या आधी वॉशिंग सेंटरवर इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतले होते. कपलरच्या रबरातून पाणी आत गेले ते बाहेर आलेच नाही. खारट ओल आणि वायरीतला करंट एकत्र आले की तांबे फार लवकर खाल्ले जाते.

मला वाटले, कपलर साफ केला की झाले. काकांनी वायरीचे कव्हर थोडे सोलून दाखवले. आतले तांबे काळे पडले होते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे पाणी तारांमधून वर चढते, म्हणून चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जायचे. आमच्या गाडीत चार बोटे वायर गेली. तेवढाच, त्याच जाडीचा नवा तुकडा आणि नवा कपलर बसवला. जोडण्याआधी वायरीवर आकसणारी नळी सरकवून ठेवायची, विसरलात तर जोड पुन्हा तोडावा लागतो. काकांनी जोड दाबयंत्राने दाबला. सोल्डर का नाही, असे मी विचारले. सोल्डरही चालते, पण त्याने तार जोडाजवळ ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते, म्हणून मग तिला नीट आधार द्यावा लागतो. दोन वायरींचे जोड शेजारी शेजारी नव्हते, मागेपुढे होते. नळी गरम करून आवळली, आतला गोंद वितळून कडेला दिसला तेव्हा त्यांचे समाधान झाले. नुसती काळी टेप गुंडाळणाऱ्यांवर त्यांचा फार राग. एका उन्हाळ्यात ती चिकट होऊन सुटते.

काही गोष्टी त्यांनी बजावल्या. मीटर लावण्यासाठी वायरीत टाचणी खुपसू नये, त्या भोकातून पाणी जाते. सेन्सरच्या वायरीवर बल्ब लावून तपासू नये. सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींना सोल्डर नको, कारण बरेचसे तसले सेन्सर त्या तारांमधूनच बाहेरची हवा घेतात. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरच्या माणसाने हात लावायचा नाही.

बिल साडेतीनशे झाले. त्यानंतर दिवा पेटलेला नाही, गाडी पुन्हा पंधरा-सोळा देते आणि प्रदूषणाच्या तपासणीतही निघाली.

हे सगळे सविस्तर लिहिण्याचे कारण आपल्याच घरांत आहे. घरचा पुरुष आखाती देशात, आणि गाडी ताडपत्रीखाली आठ-आठ महिने उभी, हे चित्र आपल्या गावांना नवे नाही. ताडपत्रीखाली ओल कोंडते, उंदीर काथ्या आणून इंजिनावर घर करतात, वायरी कुरतडतात. साहेब सुट्टीवर येतात आणि निम्मी सुट्टी गॅरेजमध्ये घालवतात. भगिनींनो, ताडपत्री अधूनमधून काढा, उघडीप असेल तेव्हा बॉनेट वर करून हवा लागू द्या, आठवड्याला एकदा गाडी पाच-सात किलोमीटर फिरवा. नुसती दोन मिनिटे सुरू करून बंद केल्याने बॅटरी उलट उतरते. आणि कोणी पार्ट बदला म्हणाले तर आधी वायर मोजायला सांगा. मोजण्याचे पन्नास-शंभर रुपये मागितले तर खुशीने द्या.

गॅरेजने काढलेला जुना सेन्सर मी मागून घेतला होता. धाकटीने तो काकांच्या मीटरला जोडून एका जुन्या, टाकाऊ कपात धरला. साध्या पाण्यात दीड-दोन हजार ओहम, उकळते पाणी ओतले तर दोनशेच्या आसपास. तो अगदी ठणठणीत होता. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात, पानासोबत ठेवला आहे.